हौशी रेडिओचे जुने प्रक्षेपक आणि शक्तिनियंत्रणाचा प्रश्न : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
यंत्राची शक्ती वाढवणे ही तंत्रज्ञानाच्या इतिहासातील एक प्रमुख प्रेरणा मानली जाते. हौशी रेडिओच्या क्षेत्रात मात्र जुना प्रक्षेपक आधुनिक प्रवर्धकाला जोडताना त्याची शक्ती अनेकदा आधी कमी करावी लागते. या विसंगतीचे मूळ १९५० च्या दशकातील अमेरिकी यंत्ररचनेत सापडते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
मिनेसोटा राज्यातील ई. एफ. जॉन्सन कंपनीने १९५४ मध्ये ‘वायकिंग रेंजर’ व त्यानंतर ‘वायकिंग व्हॅलियंट’ हे प्रक्षेपक बाजारात आणले. रेंजरच्या अंतिम टप्प्यात ६१४६ ही एक निर्वात नलिका होती, तर व्हॅलियंटमध्ये तशा तीन होत्या. ध्वनीनुसार वाहक लहरीची उंची बदलणारी एएम पद्धती तेव्हा रूढ होती. अधिक शक्ती हवी असल्यास छोट्या प्रक्षेपकाकडून केवळ साधी वाहक लहर घेतली जाई आणि ध्वनीचे आरोपण मोठ्या यंत्राच्या अंतिम टप्प्यावर होई. पुढे सिंगल साइडबँड पद्धतीचा प्रसार झाला. कॉलिन्स कंपनीच्या ‘३०एल-१’सारखे रेषीय प्रवर्धक आले. ध्वनी आरोपित झालेला संकेत आकार न बिघडवता मोठा करणे हे त्यांचे कार्य होते.

प्रश्नाचे स्वरूप :
एएममध्ये पूर्ण आरोपणाच्या वेळी शिखरशक्ती वाहकाच्या चौपट होते. अमेरिकेत १९८३ मध्ये १५०० वॅट शिखरशक्तीची मर्यादा ठरली. एएमला १९९० पर्यंत सवलत होती. या मर्यादेत वाहक ३७५ वॅटचाच राहू शकतो. दहापट प्रवर्धन करणाऱ्या यंत्रास त्यासाठी ३७.५ वॅटचा वाहक पुरतो. त्याऐवजी १०० वॅट दिल्यास प्रवर्धकाला ४००० वॅटचे शिखर गाठावे लागेल. ते त्याच्या आवाक्याबाहेर असल्यास शिखरे छाटली जातात, संकेत विकृत होतो आणि शेजारच्या कंप्रतांवरील संभाषणांत व्यत्यय येतो.

उपाययोजना :
अंतिम नलिकेला मिळणारी चालना कमी करणे हा सर्वांत सोपा वाटणारा, परंतु सदोष मार्ग होय. अपुऱ्या चालनेवर ‘क्लास सी’ टप्प्यातील ध्वनी-आरोपण बिघडते. उच्च विद्युतदाब घटवणे अधिक शास्त्रीय आहे. दाब निम्मा केल्यास शक्ती सुमारे एक चतुर्थांश होते. मात्र ध्वनिशक्तीही त्याच प्रमाणात घटवावी लागते आणि तापतंतूंचा पुरवठा कायम ठेवण्यासाठी बहुधा आतील जोडणी बदलावी लागते. तिसरा मार्ग म्हणजे दोन यंत्रांच्या मध्ये रोधकांचे जाळे बसवणे. ६ डेसिबलचे जाळे १०० वॅटमधून २५ वॅट पुढे पाठवते. वाहक व ध्वनी समप्रमाणात घटत असल्याने आरोपणाची टक्केवारी बदलत नाही. उरलेले ७५ वॅट उष्णतेत जातात. अखंड स्वराच्या पूर्ण आरोपणात ही उष्णता सुमारे ११२ वॅट होते. रोधक त्या क्षमतेचेच असावे लागतात.

निष्कर्ष :
ऊर्जेच्या हिशेबाने तिसरा मार्ग खर्चिक ठरतो. इतिहासाच्या दृष्टीने तोच श्रेयस्कर आहे. जुने यंत्र हे दस्तऐवजाइतकेच महत्त्वाचे साधन आहे. त्यातील एखादी तार कापणे म्हणजे मूळ संहितेत फेरफार करणे होय. बाहेर बसवलेले जाळे केव्हाही काढता येते आणि पुढील अभ्यासकाच्या हाती यंत्र मूळ रूपात राहते.