मृत अवकाश : एका संज्ञेची गोष्ट

शास्त्रातील काही संज्ञा रूपक म्हणून जन्मतात आणि पुढे सिद्धान्तासारख्या वागू लागतात. ‘डेड स्पेस’, अर्थात मृत अवकाश, ही त्यांपैकी एक. कोपनहेगनचे क्रिस्तियान बोर (भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांचे वडील) यांनी 1891 मध्ये तिचे गणित मांडले. प्रौढ माणूस एका श्वासात सुमारे 500 मिलिलिटर हवा आत घेतो; त्यातील जवळपास 150 श्वासनलिकांतच राहते, रक्तापर्यंत पोचत नाही. उरलेली 350 कामाची. ही वजाबाकी खरी मानली, तर 150हून लहान श्वास घेणाऱ्याने गुदमरायलाच हवे.

मग धापा टाकणारा कुत्रा जगतो कसा? अमेरिकेत यांडेल हेंडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1915 मध्ये काचेच्या नळीत तंबाखूचा धूर फुंकून पाहिला. धूर नळीभर पसरून भिंतीसारखा सरकला नाही. मधोमध सुळक्यासारखा आत घुसला. फुंकर जितकी झटक्याची, तितका सुळका बारीक. कडेची हवा मागेच राहिली. लहानसा श्वासही मधल्या वाटेने खोल पोचू शकतो, हे त्या धुराने दाखवले. आम्हांला हा प्रयोग विलक्षण वाटतो तो त्याच्या साधेपणामुळे. आणि व्यवहारात त्यातून अर्धशतकभर फारसे काही निघाले नाही, यामुळेही. संज्ञेतला ‘मृत’ हा शब्द त्याला काही अंशी जबाबदार असावा, असे आमचे मत आहे. मृत म्हटलेल्या जागेत कोण डोकावणार?

1972 मध्ये जर्मनीत लुंकेनहायमर हृदयाच्या अभ्यासासाठी कुत्र्यांच्या श्वासमार्गात वेगवान कंपने सोडत होते. त्या कंपनांनीच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, असे आढळले. 1980 मध्ये टोरांटोच्या संशोधकांनी सेकंदाला 15 कंपने देऊन, मृत अवकाशाहून लहान श्वासांवर कुत्र्यांचे श्वसन टिकवले. एच. के. चांग यांनी 1984 मध्ये कारणे एकत्र मांडली. जवळचे वायुकोश थेट भरतात. शेजारचे वायुकोश वेगवेगळ्या गतीने भरत-रिकामे होत असल्याने हवा त्यांच्यात लंबकासारखी झुलते. आत जाणारा प्रवाह मधून, बाहेर येणारा कडेने, अशी वाट विभागली जाते. प्रवाहाने ताणलेला वायू आडवा मिसळत पसरतो (हे गणित जी. आय. टेलर यांनी 1953 मध्ये नळीतून वाहणाऱ्या द्रवासाठी केले होते). अखेरच्या टप्प्यावर, वायुकोशांत, केवळ रेणूंचे विसरण उरते. येथे वजाबाकी लागू पडत नाही. प्रत्येक कंपनाचे आकारमान थोडे वाढले तरी कार्बन डायऑक्साइडचे निष्कासन त्याच्या सुमारे वर्गाच्या प्रमाणात वाढते.

उपपत्ती देखणी होती. रुग्णांनी तिला तेवढी साथ दिली नाही. 1989 मध्ये अकाली जन्मलेल्या बालकांवरील मोठ्या चाचणीत लाभ दिसला नाही. 2013 मध्ये प्रौढांवरील ‘ऑसिलेट’ चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली : या पद्धतीवर ठेवलेल्यांपैकी 47 टक्के रुग्णालयात दगावले, नेहमीच्या पद्धतीवर 35 टक्के. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागांत मात्र ती आजही वापरतात. तेथे यंत्रावरच्या बाळाची छाती वर-खाली होत नाही, थरथरते. आणि ती थरथर पोटापर्यंत पोचते की नाही, यावर परिचारिकेची नजर असते.