गावाचा आरोग्य आराखडा : समिती कुणाची, पैसा कुठला आणि वस्ती-तांडे यादीत कसे यायचे?

ग्रामसभेत रस्ता, गटार, सभामंडप यावर तासभर चर्चा होते. आरोग्याचा विषय निघाला की 'ते सरकारी दवाखान्याचं काम' म्हणून पुढं ढकलला जातो. खरं तर प्रत्येक महसुली गावाला आपला आरोग्य आराखडा करायचा अधिकार आहे, त्यासाठी समिती आहे आणि थोडा का होईना निधीही आहे. हा आराखडा नीट झाला नाही तर गावठाणाला सोयी मिळतात, पण वाडी, पाडा, तांडा आणि मळ्यातली घरं मागं राहतात. म्हणून ही सगळी माहिती एका ठिकाणी.

सरासरी चांगली, पण कुणाची?

२०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात दर १ लाख जिवंत जन्मांमागं ३३ मातामृत्यू झाले. केरळनंतर देशात आपला दुसरा नंबर. पण ही झाली सरासरी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातली ५ वर्षांखालची १०० पैकी सुमारे ३६ मुलं कमी वजनाची निघाली, तर एकट्या नंदुरबार जिल्ह्यात हे प्रमाण निम्म्याच्या वर गेलं. जिल्ह्याजिल्ह्यात एवढा फरक, तसाच तो तालुक्यातालुक्यात आणि एकाच गावच्या गावठाणात अन् वस्तीतही असतो. आरोग्यात समानता म्हणजे सगळ्यांना सारखं वाटप नव्हे. ज्याला दवाखाना लांब, त्याच्याकडं आधी पोचणं म्हणजे समानता.

दवाखान्याचा निकष

सपाट भागात ५ हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र, ३० हजाराला प्राथमिक आरोग्य केंद्र आणि १ लाख २० हजाराला ग्रामीण रुग्णालयाच्या दर्जाचं केंद्र, असा निकष आहे. डोंगरी आणि आदिवासी भागात हेच आकडे ३ हजार, २० हजार आणि ८० हजार असे आहेत. आशा स्वयंसेविका साधारण १ हजार लोकसंख्येमागं एक.

अडचण इथंच आहे. निकष डोकी मोजतो, वाट मोजत नाही. ४० घरांचा पाडा ओढ्यापलीकडं असेल तर पावसाळ्यात उपकेंद्र ३ किलोमीटरवर असूनही ते पोचायच्या बाहेर जातं. म्हणून डोंगरी आणि वाळवंटी भागासाठी केंद्राच्या निकषांत चालत ३० मिनिटांत उपकेंद्र गाठता यावं, अशीही तरतूद केलेली आहे. मागणीचा अर्ज करताना नुसती लोकसंख्या लिहू नका. चालायला लागणारा वेळ, मधला ओढा-नाला आणि वाट किती महिने बंद असते, हेही लिहा.

समिती कोणती?

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ ला सुरू झालं. त्यातून प्रत्येक गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती आली. २०१३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार :

- समितीत किमान १५ सदस्य असावेत, निम्म्या तरी महिला असाव्यात.
- अध्यक्ष ग्रामपंचायत सदस्य असावा, शक्यतो महिला.
- गावातल्या प्रत्येक वस्तीचा प्रतिनिधी असावा. अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना जागा असावी.
- आशा, अंगणवाडी सेविका, आरोग्य सेविका, बचत गट आणि दवाखान्याचा प्रत्यक्ष वापर करणारे लोक यांचा सहभाग असावा.
- महिन्यातून एकदा बैठक व्हावी.

समिती कागदावर जवळपास सगळीकडं सापडते. पण सदस्यांची नावं विचारली तर सदस्यांनाच माहीत नसतात, अशी गावं कमी नाहीत. पहिलं काम म्हणजे ग्रामपंचायतीकडून ही यादी मागून घेणं आणि आपल्या वस्तीचं नाव त्यात आहे का ते बघणं.

पैसा कुठून?

या समितीला वर्षाला १० हजार रुपयांपर्यंत अबंधित निधीची तरतूद आहे. अबंधित म्हणजे कुठं खर्चायचा ते गाव ठरवणार. गरीब घरातल्या आजारी माणसाला तातडीनं दवाखान्यात न्यायला गाडी, पाण्याच्या टाकीची स्वच्छता, डासांची डबकी बुजवणं, अंगणवाडीत वजनकाटा अशा कामांना तो वापरता येतो. रक्कम लहान आहे, त्यातून इमारत उभी राहणार नाही. पण रात्री २ वाजता जीप भाड्यानं घ्यायला ती पुरते.

मोठी रक्कम ग्रामपंचायत विकास आराखड्यात असते. वित्त आयोगाच्या निधीतून पाणी आणि स्वच्छतेची कामं घेता येतात, आणि अतिसार, कावीळ रोखायचे तर सुरुवात तिथूनच होते. पेसा क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के निधी २०१५ पासून थेट मिळतो. आरोग्य आणि स्वच्छता ही त्यातली मंजूर कामं आहेत. म्हणजे आरोग्य समितीचा ठराव विकास आराखड्यात गेला तरच त्याला बळ येतं. आरोग्य एका वहीत आणि पाणी दुसऱ्या वहीत राहिलं की दोन्ही कामं अर्धवट राहतात.

आराखडा वर कसा जातो?

गावाच्या गरजा आधी प्राथमिक आरोग्य केंद्राकडं, तिथून तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडं, मग जिल्ह्याला आणि शेवटी राज्याच्या प्रकल्प अंमलबजावणी आराखड्यात जायच्या, अशी ही रचना. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, पण आकडे आधीच वर गेलेले असतात. त्यामुळं मार्चमध्ये जाग येऊन उपयोग नाही. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या सुमाराला ठराव तयार हवा. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. बाळंतपण, पाणी, अंगणवाडी हे विषय तिथं मोकळेपणानं निघतात, तेव्हा ती सभा नुसती सह्यांपुरती होऊ देऊ नका.

लोकांनी तपासणी केली तेव्हा

आराखडा झाला, पुढं काम झालं का हे कोण बघणार? यासाठी २००७ ला देशातल्या ९ राज्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचा धाराशिव), पुणे आणि ठाणे हे जिल्हे होते. राज्य पातळीवर समन्वयाचं काम पुण्याच्या 'साथी' या संस्थेकडं होतं. गावकरी लसीकरण, बाळंतपण, औषधं अशा सेवांना हिरवा, पिवळा किंवा लाल रंग देत. लाल रंग म्हणजे सेवा वाईट. अक्षर न येणाऱ्या बाईलाही हे पत्रक कळे. मग जनसुनवाईत डॉक्टर, अधिकारी, पंचायत सदस्य आणि गावकरी समोरासमोर बसत. बाहेरून औषधं आणायला लावणं, बंद उपकेंद्र, पैशाची मागणी हे प्रश्न चारचौघांत मांडले जात. डॉक्टरांच्या अडचणीही तिथंच कळत : रिक्त पद, गळकं निवासस्थान, न आलेला औषधसाठा. त्यातल्या काही अडचणी पंचायतीलाच सोडवता येण्यासारख्या असतात.

जामखेड आणि गडचिरोली

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० ला जामखेडमध्ये काम सुरू केलं तेव्हा दुष्काळ होता, लोकांना आधी पाणी हवं होतं. त्यांनी बोअर दलित वस्तीत घेतले. पाण्यासाठी सगळं गाव तिथं यायला लागलं. जागा कुठली निवडायची, हाच त्या आराखड्याचा गाभा होता. पुढं गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. तिथले निष्कर्ष १९९९ ला 'लॅन्सेट'मध्ये आले, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. २०११ पासून हेच काम देशभरातल्या आशा करतात. दवाखान्यात बाळंतपण झालं तर ४२ दिवसांत ६ भेटी, घरी झालं तर ७. तुमच्या वस्तीवर त्या भेटी होतात का, हे समितीनं विचारायलाच हवं. होत नसतील तर आशाताईंवर ओरडण्याआधी त्यांच्याकडं किती वाड्या आहेत आणि जायला गाडी मिळते का, तेही विचारा.

गावाबाहेर गेलेली माणसं

दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला गेलेलं कुटुंब दोन्हीकडच्या यादीतून सुटतं. मूळ गाव म्हणतं बाहेर गेले, कारखान्याचं गाव म्हणतं आमचे नाहीत. २०१९ ला बीड जिल्ह्यात झालेल्या शासकीय पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. जाण्याआधी गरोदर बायकांची आणि लहान मुलांची यादी करून माता-बाल संरक्षण कार्ड सोबत देणं, आणि तिकडच्या आरोग्य केंद्राला कळवणं, हे दोन गावांनी मिळूनच जमतं.

आराखड्यात काय लिहायचं?

१. प्रत्येक वस्तीची घरं, माणसं आणि दवाखान्याला लागणारा वेळ.
२. गरोदर महिला, २ वर्षांखालची मुलं, क्षयरोगी, अपंग आणि एकटे वृद्ध यांची वस्तीनिहाय संख्या.
३. पाण्याचे स्रोत आणि तपासणीची तारीख.
४. रात्री निघायचं झाल्यास कुणाची गाडी, कुणाचा फोन. १०८ आणि १०२ हे क्रमांक भिंतीवर.
५. प्रत्येक कामापुढं जबाबदार माणूस आणि महिना.

सोबत हक्कही लिहा. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरसह उपचार मोफत आहेत.

यादी करायला एक रविवार पुरतो. शाळेतली पोरं, आशाताई आणि एखादा वस्तीवरचा जाणता माणूस बरोबर घ्या. सुरुवात मात्र सगळ्यात लांबच्या घरापासून करा, कारण जवळची घरं कुणाच्याही यादीत येतातच.