रानपिंगळा आणि एक खोटी चिठ्ठी

हिंगणीकरांना पिंगळा नवा नाही. तिन्हीसांजेला निंबावर कलकलाट करणारा, अंगभर पांढरे ठिपके असलेला आणि मान खालीवर करीत आपल्याकडे टक लावून पाहणारा हा पक्षी आपण सर्वांनीच पाहिला आहे. आज हकीकत सांगावयाची आहे ती त्याच्या रानातल्या भावबंदाची, रानपिंगळ्याची. हा जेमतेम वीतभर उंचीचा, अंगाने भरलेला पक्षी सागाच्या रानात राहतो आणि घुबडाच्या जातीचा असूनही दिवसाउजेडी सरडे-उंदीर टिपतो.

१८७२ च्या डिसेंबरात ब्लुइट नावाच्या अधिकाऱ्याला तो आजच्या छत्तीसगडातील फुलझरच्या बाजूस मिळाला. पुढल्याच वर्षी ॲलन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन करून त्याला ब्लुइटचे नाव दिले. हे ह्यूम म्हणजे राष्ट्रसभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच गृहस्थ; पक्ष्यांचाही त्यांना मोठा नाद. त्यानंतर डेव्हिडसन या साहेबाने खानदेशात, शहादे-तळोद्याकडे, काही नमुने जमविले. १८८४ नंतर मात्र पक्षी दिसेनासा झाला. जगभरच्या संग्रहालयांत मिळून पेंढा भरलेले मोजकेच नमुने उरले.

आणि त्यांतल्या एकाची चिठ्ठी खोटी होती! रिचर्ड माइनर्टझागेन या नामांकित इंग्रज कर्नलाने, १९१४ साली गुजरातेत तापीकाठी मांडवीस आपण रानपिंगळा मारला, असे लिहून ठेवले होते. एवढ्या मोठ्या माणसाच्या चिठ्ठीवर कोण शंका घेणार? शोधकांच्या वाटा त्यामुळे भलतीकडेच वळल्या. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नमुना बारकाईने तपासला. तो डेव्हिडसनचाच निघाला! ब्रिटिश म्युझियममधून चोरून, आतले सारण बदलून, त्याला नवी चिठ्ठी बांधली होती. पक्षी चोरला हे एक वेळ सोसता येईल. पण त्याचा खरा पत्ताच पुसून टाकला, हे आम्हांला अधिक मोठे पाप वाटते.

खोटी चिठ्ठी बाजूला सारून ही मंडळी जुन्या, खऱ्या ठिकाणी गेली. आधी फुलझर, मग खानदेश. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळ निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला सापडला. एकशे तेरा वर्षांनी!

मग तोरणमाळला, यावलला, आपल्या विदर्भातील मेळघाटात आणि २०१४ मध्ये मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही तो आढळला. म्हणूनच २०१८ साली जागतिक यादीत त्याला 'अतिसंकटग्रस्त' वर्गातून एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' वर्गात आणले. याचा अर्थ तो वाढला असा नव्हे. अधिक ठिकाणी सापडला, एवढाच. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज अजून हजाराच्या आतलाच आहे. तो घरटे करतो जुन्या झाडांच्या ढोलीत. आणि पोकळ झालेले खोड माणसाच्या हिशेबी निकामी, म्हणून कुऱ्हाड आधी त्यावरच पडते.

बोरच्या रानाकडे जाताना भर उन्हात एखादा पिंगळा दिसला, तर त्याचे डोके नीट पाहावे. डोक्यावर ठळक ठिपके असतील, तर तो आपला निंबावरचाच.