पेटीवाल्याने गावं का?

आमच्या नाशकातल्या ऑफिसच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एक हौशी ऑर्केस्ट्रा असतो. त्यातला कीबोर्ड वाजवणारा मुलगा टेस्टिंग टीममधला. तालमीत गाणारी कुठे अडखळली की हा पठ्ठ्या हळूच गुणगुणून तिला जागा दाखवतो, आणि ती जागा अगदी नेमकी असते! पण "अरे, एखादं गाणं तू म्हण की" म्हटलं की उत्तर ठरलेलं. "छे छे, मी फक्त वाजवतो."

आता गंमत बघा. ज्याला सूर चोवीस तास डोळ्यांसमोर पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांत मांडलेले दिसतात, तोच चारचौघांत तोंड उघडायला लाजतो. वाजवणाऱ्याने गाऊ नये असं कधी, कुणी ठरवलं? गेले दोन शनिवार-रविवार मी याच्याच मागे आहे.

सुरुवात पेटीपासून करावी लागते, कारण आपल्याकडचा कीबोर्ड म्हणजे मुळात तीच. हार्मोनियमचं पेटंट १८४२ मध्ये पॅरिसला निघालं. ते वाद्य पायाने भाता मारायचं, खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी वाजवायचं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी हाताने भाता मारायची, मांडी घालून वाजवायची पेटी रूढ केली. दिसायला बदल छोटा, पण परिणाम मोठा झाला. डावा हात भात्याला गेला, पट्ट्यांसाठी एकटा उजवा उरला. दोन हातांनी सुरांचे थर रचायचं विलायती काम जवळपास संपलं आणि उरली एकच सुरावट. तोंड मोकळं, नजर समोरच्या लोकांकडे. (बासरीवाल्याला ही सोय नाही बिचाऱ्याला.) माझं तर स्पष्ट मत आहे की गाणाऱ्यासाठी याहून सोयीचं वाद्य शोधून सापडणार नाही.

मग गाडी अडली कुठे? माझ्या मते मैफिलीत. तिथे पेटीवाला झाला साथीदार. गवयाने एखादी जागा घेतली की ती क्षणार्धात टिपून मागून वाजवायची. आमच्या भाषेत सांगायचं तर लेटन्सी जितकी कमी तितका साथीदार मोठा. हे फार अवघड कौशल्य आहे, त्याला कमी लेखायचं कारणच नाही. पण वर्षानुवर्षं हे केलं की पुढे कुणीतरी असणार याची मनाला सवय होते. स्वतः गायला बसलं की पुढे कुणीच नसतं! जागा आपणच ठरवायची, चुकली तर ती आपलीच. आमच्या टेस्टरला भीती वाटते ती याची. गळ्याचा त्यात फारसा संबंध नाही.

दुसरी एक बारीक गोष्ट. पेटीवाल्याला सगळ्यांची पट्टी पाठ असते. ही काळी चारला गाते, तो काळी एकला, अमक्याला आज सर्दी आहे तर अर्धा सूर खाली. स्वतःची पट्टी मात्र कधी शोधलेलीच नसते. मग मूळ गायकाच्या उंच पट्टीत एकदा गाऊन बघायचं, आवाज फाटला की "आपलं काम नाही" म्हणून कायमचं गप्प बसायचं. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असून ही तऱ्हा.

ही चौकट मोडणारा माणूस म्हणजे गोविंदराव टेंबे (१८८१-१९५५). कोल्हापूरचे. पेटी बरीचशी स्वतःच्या हिमतीवर शिकले, भास्करबुवा बखल्यांचा सहवास लाभला, बुवांना साथ केली, आणि पुढे पेटीचं स्वतंत्र वादन करून नाव कमावलं. इथेच थांबले असते तरी इतिहासात जागा होती. पण १९११ मध्ये खाडिलकरांचं 'मानापमान' रंगभूमीवर आलं आणि त्याच्या चाली टेंब्यांच्या होत्या. ठुमरी-कजरीच्या ढंगाच्या चाली नाट्यसंगीतात आल्या आणि महाराष्ट्राला वेड लागलं. आता चाल देणं म्हणजे काय? त्या काळी ती समोरच्या नटाच्या गळ्यात उतरवायची, म्हणजे गाऊन दाखवायची. समोर गायला बालगंधर्व! त्यांना गाऊन दाखवायला किती छाती लागत असेल याचा विचार करा.

१९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर टेंबे गंधर्व नाटक मंडळीचे तिसरे मालक झाले. नुसते हिशेब बघणारे मालक नाहीत हं, तोंडाला रंग लावून रंगमंचावर उभे राहून गाणारे नट. माइक नाही, हातात पेटी नाही आणि शेजारी अख्खा महाराष्ट्र ज्याच्यावर जीव टाकतो तो आवाज. तुलना होणारच, आणि त्यात आपण हरणार हेही ठरलेलं. तरी गायले. पुढे तिथून बाहेर पडून स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली.

मला सगळ्यात आवडतो तो मात्र १९३२ चा प्रसंग. प्रभात कंपनी तेव्हा कोल्हापुरात होती. शांतारामबापूंनी 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट काढला. तारामती दुर्गा खोटे, हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे आणि संगीतही त्यांचंच. आपल्याकडे पार्श्वगायन आलं १९३५ मध्ये. म्हणजे इथे कॅमेऱ्यासमोर अभिनय करता करताच गायचं. पन्नाशीचा माणूस, ख्याती पेटीवादक म्हणून, आणि नव्या कोऱ्या यंत्रासमोर गळा उघडतोय. अनडूचं बटण नाही!

आणि आमचं नाशिक? चारचौघांत गाण्याचा विषय निघाला की पंचवटीचं नाव घ्यावंच लागतं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी आयुष्याच्या उत्तरार्धात इथे रामनाम आधार आश्रम चालवला. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून दरबारातलं गाणं सामान्य घरांतल्या मुलांपर्यंत आणणारा हा माणूस. तिकीट लावून जाहीर गाण्याच्या मैफिली करणाऱ्या पहिल्या मंडळींतला. शेवटच्या काळात मात्र रामनामाचा ध्यास लागला. सगळ्यांनी मिळून म्हणायची रामधून ही पलुसकरांची केवढी मोठी देणगी! १९३० च्या दांडी यात्रेत गांधीजींसोबत भजनं म्हणणारे नारायण मोरेश्वर खरे हे त्यांचेच शिष्य. शंभर माणसं एकत्र गातात तेव्हा कोण गायक आणि कोण वादक हे कुणी विचारत नाही. मात्र पलुसकर १९३१ मध्ये गेल्यावर शिष्यांनी ज्या परीक्षा घराघरांत पोचवल्या, त्यांत गायन वेगळं आणि वादन वेगळं. फॉर्म भरतानाच पोरगं एका रांगेत उभं राहतं. (परीक्षांचे उपकार आहेतच, पण हेही आहे.)

पेटीचीही कमी उपेक्षा झाली नाही. मींड निघत नाही, सूर ठोकळेबाज म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली. ती उठायला सत्तरचं दशक उजाडलं. तक्रार खोटी नव्हती. पट्ट्यांवर फार रेललं की गळाही पायऱ्या-पायऱ्यांनी चालायला लागतो. पण ज्याचं त्यानेच गायचं असेल तर उपाय हातातच आहे: मींड गळ्याने घ्यायची, बोटांनी नुसता आधार द्यायचा. सुधीर फडक्यांकडे बघा. बंदीच्या त्याच काळात, १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून गदिमांचं गीतरामायण गेलं, छप्पन्न गाणी, आठवड्याला एक, गायक वेगवेगळे. नंतर बाबूजींनी तेच गावोगाव एकट्याने गायलं, समोर पेटी घेऊन. आपल्या पिढीला जवळचं उदाहरण हवं तर २००३ पासून 'आयुष्यावर बोलू काही' मध्ये पेटीवर बसून गाणारे सलील कुलकर्णी आहेतच.

आणि कोकणातल्या भजनात तर हा प्रश्नच कधी पडला नाही. तिथे बुवा म्हणजेच पेटी वाजवणारा आणि तोच गाणारा, बाकीचे त्याच्या मागून म्हणणार. तिथल्या एखाद्या बुवांना "तुम्ही वाजवता की गाता?" असं विचारलंत तर ते तुमच्याकडे बघतच राहतील.

असो. टेंब्यांचं 'माझा जीवनविहार' कुठे जुन्या पुस्तकांत मिळालं तर सोडू नका. आमच्या टेस्टरला मी ते वाचायला देणार आहे, आणि त्याची पट्टी बहुधा पांढरी चार असावी असा माझा अंदाज आहे.