सागराचे दफ्तर

धार आणि देवास येथून समुद्र दूर आहे. तरीही नौकांचे प्रकार व मापे सांगणारा ‘युक्तिकल्पतरु’ हा संस्कृत ग्रंथ परंपरेने धारच्याच भोजराजाच्या नावावर आहे. तेव्हा हा विषय आपणांस अगदीच परका नव्हे.

इतिहासाचार्य राजवाडे यांनी बखरीपेक्षा समकालीन अस्सल कागदाला अधिक मोल दिले. बखर मागाहून स्मरणातून उतरते. कागद घटनेसोबत जन्मतो. सागरी अपघातांचा इतिहासही हाच भेद शिकवितो.

1888 च्या नोव्हेंबरात मांडवीहून मुंबईस निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्यालगत वादळात उतारूंसह नाहीशी झाली. सांगावयास कोणी उरले नाही. ‘वीजळी’ या नावाने ती गुजराती लोकगीतांत तेवढी उरली. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. पोहून तीरास लागलेल्यांनीच वार्ता आणली. परंतु प्राणभयाने व्याकूळ झालेला मनुष्य लाट पाहतो. सुकाणूपाशी कोणती आज्ञा सुटली, हे त्याला कसे कळावे?

ही उणीव भरून काढण्यासाठी 1 जुलै 2002 पासून आंतरराष्ट्रीय नियमांनी प्रवासी जहाजांवर आणि 3000 टन व त्यावरील नव्या मालवाहू जहाजांवर ‘व्हॉयेज डेटा रेकॉर्डर’ सक्तीचा केला. स्थान, वेळ, वेग, दिशा, रडारवरील चित्र आणि नियंत्रणकक्षातील संभाषण हे यंत्र टिपून ठेवते. नोंदी मजबूत कवचात राहतात.

ऑक्टोबर 2015 मध्ये बहामा बेटांजवळ ‘एल फारो’ हे अमेरिकी जहाज चक्रीवादळात 33 जणांसह बुडाले. पुढील वर्षी सुमारे साडेचार हजार मीटर खोलीवरून त्याचे यंत्र वर काढण्यात आले. सुमारे 26 तासांच्या ध्वनिमुद्रणातून उलगडले, की कप्तान हवामानाच्या शिळ्या माहितीवर विसंबला होता आणि मार्ग बदलण्याची सहकाऱ्यांची सूचना मानली गेली नव्हती. एकही माणूस वाचला नसताना साक्ष मात्र वाचली.

अशी नोंद बुडालेल्यास परत आणीत नाही. परंतु ती मृतांवरील खोटा आळ टाळते आणि पुढच्या प्रवाशास सावध करते. मात्र यंत्र केवळ टिपते. वाचून शहाणे होणे माणसाच्याच हाती असते. दफ्तर जपावे ते याचसाठी.