एकवचनाचा हट्ट

१६५९-६०च्या हिवाळ्यात ऑक्सफर्डशायरमधील क्रॉवेल गावी टॉमस एलवूड नावाचा विशीतला तरुण आपल्या वडिलांचा मार खात होता. कारण होते एक सर्वनाम. क्वेकर पंथीयांच्या सहवासात आल्यापासून त्याने वडिलांपुढे टोपी उतरवणे सोडले होते. वडील न्यायदंडाधिकारी. त्यांनी एकेक करून त्याच्या साऱ्या टोप्या काढून घेतल्या. पण जिभेवरचा शब्द कसा काढून घेणार? तो वडिलांना ‘यू’ म्हणेना, ‘दाऊ’च म्हणे, आणि मग मुठी चालत. त्याच्या मृत्यूनंतर, १७१४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात हे सारे आले आहे. (अंध मिल्टनला ग्रंथ वाचून दाखवणारा एलवूड तो हाच.)

मराठी वाचकाला या प्रसंगाचे मर्म फोडून सांगायला नको. आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणत वाढलेल्यांना एकवचनाचा डंख ठाऊक असतो. इंग्रजीत हा भेदच नाही असे आपण समजतो, कारण तो मिटल्यानंतरची इंग्रजी आपल्या वाट्याला आली. मुळात ‘दाऊ’ एकासाठी, ‘यू’ अनेकांसाठी. तेराव्या शतकापासून, फ्रेंच शिष्टाचाराच्या वळणावर, थोरामोठ्या एकट्या माणसालाही अनेकवचन लागू लागले. ‘दाऊ’ उरला तो नोकराचाकरांसाठी, जिवलगांसाठी, देवासाठी आणि अपमानासाठी. १६०३ साली वॉल्टर रॅलेवरील राजद्रोहाच्या खटल्यात सरकारी वकील एडवर्ड कोक याने आरोपीला भर न्यायसभेत ‘दाऊ’ म्हणून हिणवले, तेव्हा उपस्थितांपैकी कोणाला त्याचा अर्थ विचारावा लागला नसेल.

क्वेकरांचा अध्वर्यू जॉर्ज फॉक्स याने मात्र हा वाद व्याकरणाच्या मैदानात नेला. एका माणसाला अनेक म्हणणे असत्य आहे, असा त्याचा दावा. १६६० साली जॉन स्टब्ज आणि बेंजामिन फर्ली यांच्या साहाय्याने त्याने ‘बॅटलडोर’ नावाचा ग्रंथ काढला. बॅटलडोर म्हणजे मुलांची अक्षरे गिरवण्याची मुठीची पाटी. पंडितांना एकवचन-अनेकवचन शिकवायला बाळबोध पाटी, हा टोमणा नावातच होता. आत लॅटिन, ग्रीक, हिब्रू अशा अनेक भाषांतील दाखले. पुढे १६६९ साली विल्यम पेनने टॉवरच्या बंदिवासातून लिहिताना याहून बोचरा प्रश्न केला: देवाला जो शब्द चालतो तो माणसाला का चालू नये?

तर्क बिनतोड होता. पण प्रश्न नुसता व्याकरणाचा असता तर एलवूडच्या बापाने मूठ उगारली नसती. न्यायाधीश आणि शेतमजूर यांना एकच शब्द, हा खरा मुद्दा. तो न्यायाधीशांना नेमका कळला होता. माझ्या मते फॉक्सच्या काही अनुयायांपेक्षाही अधिक.

समता आली, पण उलट्या वाटेने. थोरांना ‘दाऊ’ म्हणण्याऐवजी लोक नोकरालाही ‘यू’ म्हणू लागले आणि अठराव्या शतकात, काही बोलीभाषा वगळता, ‘दाऊ’ नित्याच्या बोलण्यातून गेला. ज्या शब्दाने भेद मिटवायचा तोच शब्द क्वेकरांची वेगळी ओळख ठरला. गंमत अशी, की त्यांच्या घरगुती बोलण्यात पुढे ‘दाऊ’ही राहिला नाही. कर्माचे रूप ‘दी’ कर्त्याच्या जागी बसले आणि क्रियापद तृतीयपुरुषी झाले: ‘दी इज’. पंडितांना पाटी देणाऱ्यांच्या नातवंडांची ही भाषा!

तरीही इंग्रजी जगाला व्याकरण शिकवले ते एका क्वेकरानेच. लिंडली मरे हा पेनसिल्व्हेनियात जन्मलेला, न्यूयॉर्कमध्ये वकिली केलेला, शेवटी इंग्लंडातील यॉर्कजवळ स्थायिक झालेला गृहस्थ. त्याचे १७९५चे व्याकरण पुढे कित्येक दशके शाळाशाळांतून चालले. ‘एनी वन’ या एकवचनामागून ‘देअर’ आणि ‘दे’ येणारे वाक्य त्यात चूक म्हणून दिले आहे. एकाला अनेकवचन नको हा फॉक्सचाच आग्रह, मात्र आता त्यात कोणाची टोपी उतरवायची नव्हती. मरेने सुचवलेली दुरुस्ती: ‘हिज’ आणि ‘ही’. इंग्रजी ‘ही’, म्हणजे आपला ‘तो’. पुस्तक लिहिले गेले होते यॉर्कच्या क्वेकर मुलींच्या शाळेसाठी.