देज, हुंडा आणि सात-बारा

वडपे नाक्यावर दोन वाटा एक होतात. भिवंडी शहरातून येणारा जुना आग्रा रोड आणि ठाण्याच्या माजिवड्याहून येणारा बायपास इथे मिळतात आणि पडघा, शहापूर करत कसारा घाटातून नाशिकला जातात. जवळच आमणे, ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग तिथे येऊन थांबतो. आज रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामं दिसतात. दोन पिढ्यांपूर्वी हा सगळा भाताचा पट्टा होता, आणि इथल्या आगरी-कुणबी घरांत सोयरीक जुळवताना पहिला विचार व्हायचा तो खाचरांचा. मुलगा कसला हवा, मुलगी कशी हवी, पैसा कुणी कुणाला द्यायचा, हे सगळं इथे कमाईच्या साधनाबरोबर बदलत गेलं आहे.

भातशेतीत बाईच्या हाताशिवाय एक खाचर पुरं होत नसे. उन्हाळ्यात राब भाजायचा, पाऊस लागला की रोपं उपटून मुठी बांधायच्या, पाठीवर इरलं घेऊन दिवसभर चिखलात वाकून लावणी करायची; पुढे बेणणी, कापणी, झोडणी. अशी मुलगी सासरी गेली की बापाच्या घरचे दोन हात कमी होत. म्हणून उत्तर कोकणातल्या आगरी, कोळी, कुणबी, वारली अशा कष्टकरी समाजांत पैसा मुलाकडून मुलीच्या घरी जाई. हेच देज. मुलगी पाहायला आलेली माणसं तिच्या रंगापेक्षा कामाचा उरक पाहत. लग्नही बायकांच्याच हातात असे: आगऱ्या-कोळ्यांच्या मांडवात धवलारीण विधी सांगे आणि धवले गात वधूवरांना पुढे नेई.

या जुन्या काळाचं कौतुक करताना त्याची दुसरी बाजू विसरता येत नाही. ज्याच्याकडे जमीन नव्हती, त्याला लग्नाचा खर्च गहाण टाकी. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तरेला, डहाणू-उंबरगावच्या जंगलपट्टीत वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घेई आणि ते फेडायला नवराबायको दोघंही त्याच्याकडे राबत. कर्ज फिटत नसे. वेठ मात्र पिढ्यान् पिढ्या चाले. या माणसाला लग्नगडी म्हणत. १९४५च्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथून परतलेल्या वारल्यांनी त्याच वर्षी झरी गावी मोठी सभा भरवली आणि किसान सभेचे नेते गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या साथीने वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ही हकीकत सविस्तर लिहून ठेवली आहे. लग्न करणं हाच गुलाम होण्याचा मार्ग ठरावा, याहून मोठा अन्याय कोणता?

पांढरपेशा घरांतला व्यवहार वेगळा होता, पण पैसा तिथेही मधे होताच. शिकलेल्या, सरकारी नोकरीतल्या वराला हुंडा द्यावा लागे. दुसरीकडे पैशाच्या लोभाने कोवळ्या मुली श्रीमंत म्हाताऱ्यांच्या गळ्यात बांधल्या जात. गोविंद बल्लाळ देवलांचं १८९९चं ‘शारदा’ नाटक याच विषयावर उभं राहिलं. त्याआधी १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक पद्धतीने, भटजीविना आणि अगदी कमी खर्चात लग्नं लावायला सुरुवात केली होती.

भिवंडीच्या पट्ट्यात खरा पालट झाला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर. शहरात १९३०च्या दशकात यंत्रमाग आले. १९४८च्या कुळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणारी कुळं जमिनीची मालक होऊ लागली. ठाण्या-मुंबईचे कारखाने मुलांना महिन्याचा पगार देऊ लागले. घर आता एका माणसाच्या पगारावर चालू लागलं, तशी सुनेच्या लावणीच्या कष्टांची किंमत उतरली आणि पर्मनंट नोकरीवाल्या मुलाचा भाव चढला. पैशाचा प्रवाह उलटा फिरला. देज आटलं, हुंडा शिरला. देशभर अनेक शेतकरी जातींत हेच घडलं. हुंडाबंदीचा कायदा १९६१चा, म्हणजे ही लाट वर चढत असतानाचा.

याच वळणावर रूपाला नवं वजन आलं. जिचे हात शेतात लागणार नव्हते, तिला आता गोरी, सडपातळ, नाकीडोळी नीटस असण्याच्या कसोटीला उतरावं लागलं. कांदेपोह्यांचा ट्रे घेऊन आलेल्या मुलीला चालून दाखव म्हणणं, पायातल्या चपला काढायला लावून उंची पाहणं, हे प्रकार शिकल्यासवरल्या घरांतही बिनदिक्कत चालले. सावळ्या मुलीच्या बापाकडून दागिन्याची अपेक्षा वाढे. पगार हीच मुलाची ओळख असल्याने त्याच्या रंगाबद्दल कुणी विचारत नसे.

पुढे मुंबईच्या जकातीच्या हद्दीबाहेर स्वस्त जागा म्हणून भिवंडीभोवती गोदामं वाढली. रस्त्यांसाठी जमिनी गेल्या. समृद्धीसाठी सरकारने पाचपट मोबदल्याने थेट खरेदी केली. घरात भाडं आणि मोबदला आला, तसा हळदीचा मांडव मोठा झाला, सोनं वाढलं, डीजे आला. ज्याच्याकडे काही उरलं नाही, त्यालाही लोकलाजेपायी तेवढंच करावं लागतं.

राज्याच्या दुसऱ्या टोकाला नुसती शेती असलेल्या मुलाला मुलगी मिळेनाशी झाली आहे. २१ डिसेंबर २०२२ रोजी सोलापुरात अविवाहित तरुण नवरदेवाच्या वेशात, काही घोड्यावर बसून, जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चाने गेले. गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याची कडक अंमलबजावणी करा, ही त्यांची मागणी होती. मुलींना जन्मच न देण्याची झळ ते स्वतः सोसत होते.

वडप्यासारख्या गावात जमिनीला सोन्याचा भाव आला असताना मुलीच्या वाट्याचा प्रश्न फार निकडीचा आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान हक्क दिला, २००५ मध्ये केंद्राने तो सगळ्या मुलींना दिला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मसिद्ध असल्याचं स्पष्ट केलं. तरीही मोबदल्याच्या वेळी भाऊ हक्कसोडपत्राचा कागद पुढे करतात, ‘तुझ्या लग्नात दिलंच की’ म्हणतात, आणि बहीण माहेर तुटू नये म्हणून सही करते. लग्नातले काही तोळे आणि महामार्गालगतचे काही गुंठे यांचा हिशेब तिच्यासमोर कुणी मांडत नाही. तो सहीआधी तलाठ्याच्या साक्षीने मांडला जायला हवा, आणि सोयरीक ठरवताना सात-बारावरचं तिचं नावही तितक्याच मोकळेपणी विचारलं जायला हवं.